जुने लॅपटॉप नेटवर्कवरून बूट करून थिन क्लायंट म्हणून वापरणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थिन क्लायंट म्हणजे स्वतःच्या डिस्कऐवजी सर्व्हरच्या आधाराने चालणारा संगणक. ही उत्तरे एलटीएसपी, म्हणजे लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, या एका सर्व्हरवरून अनेक संगणक बूट करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या २०१९नंतरच्या आवृत्तीला धरून आहेत. सर्व्हरवर डेबियन, उबुंटू किंवा लिनक्स मिंट आहे असे गृहीत धरले आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन अक्षरांत टाइप करायची. सेटिंगची नावे मोठ्या अक्षरांत, बाकी सगळे लहान अक्षरांत.

१. नेटवर्कवरून बूट होतो म्हणजे नेमके काय होते? लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क नसली तरी चालेल का?

चालेल. लॅपटॉप सुरू झाला की त्याच्या लॅन कार्डातला पीएक्सई हा नेटवर्क बूटचा प्रोग्राम नेटवर्कवर आयपी पत्ता मागतो. पत्त्यासोबत त्याला ‘अमुक सर्व्हरवरून अमुक फाइल घे’ असा निरोप मिळतो. ती लहानशी फाइल, म्हणजे आयपीएक्सई, टीएफटीपीने (फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने) उतरते आणि पुन्हा एकदा आयपी मागून मेनू, कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) आणते. त्यानंतर लॅपटॉप सर्व्हरवरची डिस्क इमेज (सगळ्या सिस्टिमची एका फाइलीतली प्रत) एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वापरू देणाऱ्या पद्धतीने, जोडून घेतो आणि लॉगिनचा पडदा येतो. इमेज फक्त वाचण्यापुरती असते. लॅपटॉपवर जे लिहिले जाते ते रॅममध्ये राहते आणि बंद केल्यावर पुसले जाते. वापरणाऱ्याची होम फोल्डर मात्र सर्व्हरवर असते, त्यामुळे त्यातले काम टिकते.

पहिल्या टप्प्याला आयपी मिळाला म्हणजे पुढच्यांनाही मिळेलच असे नाही. प्रत्येक टप्पा नेटवर्क नव्याने उभे करतो. बहुतेक बिघाडांचे मूळ इथे सापडते.

२. कोणता लॅपटॉप या कामाला घ्यावा आणि कोणता सरळ भंगारात द्यावा?

सगळ्यात आधी लॅनचे पोर्ट पाहा. पोर्ट नसेल किंवा त्याची खाच तुटून केबल निसटत असेल, तर तो लॅपटॉप बाजूला ठेवा. मग प्रोसेसर ६४ बिटचा आहे का ते पाहा. कोअर २ ड्युओ आणि त्यानंतरचे इंटेलचे सगळे कोअर प्रोसेसर ६४ बिटचे आहेत. नुसता ‘कोअर ड्युओ’, पेंटियम एम आणि नेटबुकमधला अ‍ॅटम एन२७० हे ३२ बिटचे, तर अ‍ॅटम एन४५० हा ६४ बिटचा. स्टिकर उडालेला असेल तर कुठल्याही लाइव्ह लिनक्समध्ये ‘एलएससीपीयू’ चालवा.

२ जीबी रॅम ही व्यवहारातली खालची मर्यादा (कमी असेल तर प्रश्न ३), ४ जीबी असेल तर उत्तम. डीडीआर३ची जुनी मोड्यूल दुरुस्तीच्या दुकानात स्वस्तात मिळतात आणि या सगळ्या उद्योगात सर्वांत सार्थकी लागणारा पैसा तोच. पडद्यावर रेघा असतील, बॅटरी फुगलेली असेल (प्रश्न १५) किंवा पंखा खरखरत असेल, तर दोन लॅपटॉपचे भाग काढून एक चांगला करावा. तीन अर्धवट लॅपटॉप सांभाळण्यापेक्षा दोन धड बरे.

३. थिन क्लायंट आणि डिस्कविना ‘फॅट’ क्लायंट, यातला कोणता पर्याय निवडू?

हे आधी ठरवा, कारण सर्व्हरचा खर्च यावरच ठरतो.

थिन पद्धतीत प्रोग्राम सर्व्हरवर चालतात, लॅपटॉप फक्त चित्र दाखवतो आणि कळा-माऊसची हालचाल पाठवतो. फॅट पद्धतीत फाइली सर्व्हरवरून येतात, पण प्रोग्राम लॅपटॉपच्या स्वतःच्या प्रोसेसरवर आणि रॅमवर चालतात. जिम मॅकक्विलन यांनी १९९९मध्ये सुरू केलेले मूळ एलटीएसपी थिन पद्धतीचे होते. अल्किस जॉर्जोपुलोस यांनी २०१९मध्ये ते नव्याने लिहिले आणि तेव्हापासून फॅट हीच मूळ पद्धत झाली. आज ‘थिन क्लायंट’ म्हणून जे उभे केले जाते ते बहुतेक वेळा प्रत्यक्षात फॅट असते.

आमचे मत स्पष्ट आहे: रॅम २ जीबी किंवा जास्त आणि प्रोसेसर ६४ बिटचा असेल तर फॅटच वापरा. व्हिडिओ नीट चालतो, सर्व्हर साधा पुरतो, एकाच्या ब्राउझरने दुसऱ्याचे काम अडत नाही. रॅम १ जीबी किंवा त्याहून कमी असेल, किंवा सगळ्यांना विंडोज सर्व्हरवरचा एखादा हिशेबाचा प्रोग्राम वापरायचा असेल, तर थिन घ्या (प्रश्न १३). एकाच खोलीत काही फॅट आणि काही थिन, असेही चालते.

४. वीस लॅपटॉपसाठी सर्व्हर किती मोठा लागेल?

फॅट पद्धतीत सर्व्हर जवळजवळ फक्त फाइली पुरवतो. चार कोअरचा जुना आय५ डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, २५० जीबी एसएसडी आणि गिगाबिट लॅन एवढ्यावर वीस जण आरामात चालतात. एसएसडीच्या जागी फिरणारी हार्ड डिस्क ठेवली तर सकाळी सगळे एकदम सुरू करताना डोक्याला हात लावायची वेळ येते.

थोडा हिशेब करू. एक क्लायंट लॉगिनपर्यंत ४०० एमबी वाचतो असे धरा. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर प्रत्यक्षात सेकंदाला ११ ते १२ एमबी येतात, म्हणजे एकट्याला ३५ सेकंद. वीस जणांचे मिळून ८ जीबी. सर्व्हरची केबल गिगाबिट असेल तर सेकंदाला सुमारे ११० एमबीने ते सव्वा मिनिटात संपतात. सर्व्हरचीच केबल १०० एमबीपीएसवर अडकली असेल तर बारा मिनिटे लागतात.

थिन पद्धतीत गणित रॅमचे असते. ब्राउझर उघडणाऱ्या प्रत्येकामागे १ जीबी, शिवाय सर्व्हरचे स्वतःचे २ ते ४ जीबी. वीस जणांना २४ जीबी किमान, ३२ जीबी निर्धास्त.

५. वायफायवर चालेल का? केबल टाकण्याचा खर्च टाळायचा आहे.

नाही. लॅपटॉपचा बायोस वायफायवरून पीएक्सई करत नाही. कर्नल आणि इनिटआरडी पेन ड्राइव्हवर ठेवून पुढचा प्रवास वायफायने करण्याची युक्ती आहे, पण संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम हवेतून येत असताना क्षणभर सिग्नल गेला तरी लॅपटॉप जागच्या जागी गोठतो. एखाद्या लॅपटॉपपुरते ठीक, खोलीभर नको.

कॅट ५ई केबल आणि २४ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच पुरतो. लॅपटॉपचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असले तरी हरकत नाही, सर्व्हर ते स्विच ही एक केबल मात्र गिगाबिटच हवी. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात. क्रिंपिंग करताना दोनच जोड्या लावलेली केबल १०० वर मुकाट चालते आणि दोष लक्षात येत नाही. सर्व्हरवर ‘ईथटूल’ चालवून वेग १००० दिसतो का ते पाहा.

६. सर्व्हर पहिल्यापासून कसा लावायचा?

डेस्कटॉपसह मिंट एक्सएफसीई किंवा डेबियन बसवा. क्लायंटना हाच डेस्कटॉप दिसणार आहे, म्हणून लिब्रेऑफिस, ब्राउझर, फॉन्ट, जे हवे ते इथेच बसवून घ्या. मग ‘एपीटी’ने ही पॅकेजे घ्या: एलटीएसपी, डीएनएसमास्क, एनएफएस-कर्नल-सर्व्हर, ओपनएसएसएच-सर्व्हर, स्क्वॅशएफएस-टूल्स, ईथटूल, नेट-टूल्स आणि एपॉप्टीस (सगळ्या क्लायंटचे पडदे एका जागेवरून पाहण्यासाठी). आयपीएक्सईच्या फाइलींसाठी डेबियनवर ‘आयपीएक्सई’ पॅकेज, उबुंटू आणि मिंटवर एलटीएसपीच्या पीपीएमधले (उबुंटूसाठीच्या वेगळ्या पॅकेज भांडारातले) ‘एलटीएसपी-बायनरीज’.

ईथटूल यादीत का, असे वाटेल. सर्व्हर गिगाबिट आणि काही क्लायंट १०० एमबीपीएसचे असतील तर इथरनेटचे फ्लो कंट्रोल (पाठवणाऱ्याला थांबायला सांगणारी सोय) सगळ्यांचाच वेग खाली ओढते. ते बंद करायला ईथटूल लागते.

नंतर ‘सुडो’ (प्रशासकाचा अधिकार देणारी आज्ञा) लावून या पाच आज्ञा याच क्रमाने:

‘एलटीएसपी डीएनएसमास्क’ (आयपी आणि टीएफटीपीची मांडणी, पर्यायासाठी प्रश्न ७)
‘एलटीएसपी इमेज /’ (सर्व्हरच्याच सिस्टिमची दाबलेली इमेज, शेवटची तिरकी रेघ विसरू नका)
‘एलटीएसपी आयपीएक्सई’ (बूट मेनू)
‘एलटीएसपी एनएफएस’ (इमेज नेटवर्कवर खुली करणे)
‘एलटीएसपी इनिटआरडी’ (वापरकर्त्यांची यादी आणि सेटिंग असलेली छोटी फाइल)

इमेज बनायला यंत्रानुसार पाच ते पंधरा मिनिटे लागतात आणि ती साधारण २ ते ४ जीबीची होते. ‘एसआरव्ही’ या फोल्डरच्या भागात तेवढी जागा मोकळी आहे ना, हे आधी बघा. पुढे एकच लॅपटॉप जोडून तो लॉगिनपर्यंत पोहोचवा. तो नीट चालल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.

७. आमचा इंटरनेटचा राउटर आधीच सगळ्यांना आयपी देतो. तो बंद करावा लागेल का?

नाही. ‘एलटीएसपी डीएनएसमास्क’ ही आज्ञा मुळातच प्रॉक्सी-डीएचसीपी पद्धतीने मांडणी करते (डीएचसीपी म्हणजे आयपी वाटण्याची व्यवस्था). आयपी राउटरच देतो, सर्व्हर फक्त बूट फाइलचे नाव पुरवतो. घरगुती राउटरमध्ये ६६ आणि ६७ क्रमांकाचे डीएचसीपी पर्याय भरायची सोय सहसा नसते, म्हणून हीच वाट सोयीची. सर्व्हरला राउटरच्या वाटपाबाहेरचा एक कायमचा आयपी द्या.

वीसच्या पुढे लॅपटॉप असतील तर सर्व्हरला दुसरे लॅन कार्ड लावून क्लायंटचे नेटवर्क वेगळे करणे चांगले. त्या कार्डाला १९२.१६८.६७.१ हा पत्ता द्या आणि आज्ञेला ‘--प्रॉक्सी-डीएचसीपी=०’ हा पर्याय जोडा. मग त्या बाजूला आयपीही सर्व्हरच देईल. क्लायंटना इंटरनेट मिळण्यासाठी ‘एलटीएसपी.कॉन्फ’ या फाइलीत सर्व्हरच्या भागात ‘नॅट=१’ लिहा. चुकून या दुसऱ्या नेटवर्कवर राउटरची केबल लागली तर दोन डीएचसीपी भांडत बसतात: कधी बूट होतो, कधी नाही, आणि लॅपटॉप विनाकारण बदनाम होतो.

८. लॅपटॉपच्या बायोसमध्ये काय काय बदलायचे?

लॅन कार्ड चालू, त्याचे नेटवर्क बूट चालू, सिक्युअर बूट बंद. डेलमध्ये एफ२ दाबून ‘इंटिग्रेटेड एनआयसी’ हा पर्याय पीएक्सईसह चालू करा, बूटच्या वेळी एफ१२ने मेनू येतो. थिंकपॅडला बायोससाठी एफ१, मेनूसाठी एफ१२. एचपीला बायोससाठी एफ१०, मेनूसाठी एफ९. एसरला एफ२, पण त्याचा एफ१२चा मेनू बायोसमध्ये आधी चालू करावा लागतो, नाहीतर कळ दाबून दाबून झिजते.

लेगसी (जुनी) आणि यूईएफआय (नवी) या दोन्ही बूट पद्धती असतील तर जुन्या लॅपटॉपला लेगसीच ठेवा. काही यूईएफआय फर्मवेअर प्रॉक्सी-डीएचसीपीचा निरोप नीट वाचत नाहीत. लेगसीला ‘अनडीआयओन्ली’ आणि यूईएफआयला ‘एसएनपीओन्ली’ ही फाइल जाते, निवड सर्व्हर आपोआप करतो. सिक्युअर बूट चालू राहिले तर एसएनपीओन्लीवर स्वाक्षरी नसल्याने लॅपटॉप ती चालवायला नकार देतो.

शेवटी बूटच्या क्रमात नेटवर्क पहिले करा. दर वेळी क्रम बदललेला आणि तारीख जुनी दिसत असेल तर आतला बटण सेल गेला आहे, बहुधा सीआर२०३२. तारीख चुकली की ब्राउझरमध्ये प्रमाणपत्राच्या तक्रारीही सुरू होतात.

९. काळ्या पडद्यावर पीएक्सई-ई आणि पुढे एक आकडा येऊन थांबतो. त्याचा अर्थ काय?

तो आकडाच निदान आहे, म्हणून मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

ई६१: केबल किंवा पोर्टमध्ये खोट. पोर्टचा दिवा लागतो का पाहा, केबल बदला.

ई५१: कोणीही आयपी दिला नाही. सर्व्हरवर डीएनएसमास्क बंद आहे, किंवा स्विच ‘शहाणा’ आहे. मॅनेज्ड स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री (केबलचे वेटोळे शोधणारी सोय) चालू असेल तर पोर्ट जागे व्हायला ३० सेकंद लागतात आणि तोवर पीएक्सई कंटाळून थांबते. लॅपटॉपच्या पोर्टना पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट न पाहण्याचे सेटिंग, लावा. हे तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे मधे एक साधा पाच पोर्टचा स्विच टाकणे. त्याने बूट झाला तर दोष मोठ्या स्विचचाच.

ई५३: आयपी मिळाला, पण फाइलचे नाव मिळाले नाही. राउटरने उत्तर दिले, तुमच्या सर्व्हरने नाही. डीएनएसमास्क चालू आहे का आणि दोघे एकाच नेटवर्कवर आहेत का ते पाहा.

ई५५: प्रॉक्सी-डीएचसीपीच्या ४०११ क्रमांकाच्या पोर्टवरून उत्तर नाही. बहुतेक वेळा फायरवॉल. यूडीपी ६७, ६९ आणि ४०११, तसेच टीसीपी २२ आणि २०४९ हे पोर्ट लॅनच्या बाजूने खुले करा.

ई३२: टीएफटीपीला उत्तर नाही, पुन्हा फायरवॉलच पाहा. ई३बी: सर्व्हर भेटला, पण फाइल जागेवर नाही. ‘एलटीएसपी आयपीएक्सई’ चालवायचे राहिले असेल.

आकडा न येता आयपीएक्सईचे नाव दिसून तिथेच गोठत असेल तर लॅन कार्डाच्या स्वतःच्या पीएक्सईत खोट असते. अनडीआयओन्ली तेच वापरते. त्याऐवजी स्वतःचे ड्रायव्हर असलेली ‘आयपीएक्सई.पीएक्सई’ ही फाइल देऊन पाहा.

१०. कर्नल उतरतो, अक्षरे पळतात आणि मग ‘इनिटरॅमएफएस’ असे लिहून थांबतो. आता काय?

इथे पीएक्सईचे काम संपले आहे आणि लिनक्सला स्वतःच्या ड्रायव्हरने नेटवर्क उभे करता आलेले नाही, किंवा एनएफएस भेटलेले नाही. त्या पडद्यावर ‘आयपी ए’ टाइप करा.

लॅन कार्ड दिसतच नसेल तर ड्रायव्हर किंवा फर्मवेअर इनिटआरडीत नाही. ब्रॉडकॉम आणि रियलटेकच्या काही कार्डांना वेगळे फर्मवेअर लागते; डेबियनवर त्याची पॅकेजे सर्व्हरवर बसवा आणि इमेज पुन्हा बनवा. दुसरे कारण फारसे कोणाला सुचत नाही: सर्व्हरच्या इनिटरॅमएफएसच्या सेटिंगमध्ये ‘मॉड्यूल्स’ला ‘डेप’ लिहिले असेल तर फक्त सर्व्हरच्या हार्डवेअरचेच ड्रायव्हर आत जातात. तिथे ‘मोस्ट’ हवे.

कार्ड दिसते आणि आयपीही आहे, तर सर्व्हरला ‘पिंग’ करा. पिंग गेला तर एनएफएस बंद आहे किंवा २०४९चा पोर्ट अडला आहे.

११. लॅपटॉपच्या बायोसमध्ये नेटवर्क बूट हा पर्यायच नाही. मॅकबुकलाही काही दिसत नाही.

मग आयपीएक्सई बाहेरून द्या. तिच्या संकेतस्थळावर पेन ड्राइव्हसाठीची इमेज मिळते. ‘डीडी’ने लिहा आणि त्या पेन ड्राइव्हवरून बूट करा, पुढचे सगळे नेटवर्कवरून येते. सर्वांत लहान पेन ड्राइव्हही पुरतो. पेन ड्राइव्ह चोरीला जाण्याची भीती असेल तर जुन्या हार्ड डिस्कवरच ग्रब आणि आयपीएक्सई बसवा. उबुंटूत ‘ग्रब-आयपीएक्सई’ पॅकेज हेच करते.

इंटेलची मॅकबुक पीएक्सई न करता अ‍ॅपलचे स्वतःचे नेटबूट करतात. त्यांना पेन ड्राइव्हवर ‘ईएफआय’ फोल्डर, त्यात ‘बूट’, आणि त्यात ‘बूटएक्स६४.ईएफआय’ या नावाने आयपीएक्सईची ६४ बिट फाइल ठेवा आणि ऑप्शन कळ दाबून सुरू करा. २००६-०७च्या मॅकबुकमध्ये प्रोसेसर ६४ बिटचा असला तरी ईएफआय ३२ बिटचे असते. त्यांच्या नादी न लागलेले बरे.

यूएसबीला लावायचे लॅन अ‍ॅडॉप्टर जुन्या बायोसला ओळखता येत नाहीत, तेव्हा पीएक्सईसाठी त्यांचा भरवसा धरू नका.

१२. आमच्याकडे ३२ बिटचे दहा नेटबुक पडून आहेत. त्यांचे काहीच होणार नाही का?

होईल, पण वेगळ्या इमेजने. उबुंटूने ३२ बिटची साथ सोडली आहे. ज्यात ३२ बिटचा कर्नल आणि इन्स्टॉलर मिळतो अशी डेबियनची शेवटची आवृत्ती १२. डेबियन १३पासून तो नाही. सर्व्हर ६४ बिटचा राहू द्या. त्यावर ‘डीबूटस्ट्रॅप’ने डेबियन १२ची ३२ बिट मांडणी ‘एसआरव्ही/एलटीएसपी’ खाली वेगळ्या फोल्डरमध्ये करा, त्यात कर्नल आणि एलटीएसपी बसवा आणि ‘एलटीएसपी इमेज’ला त्या फोल्डरचे नाव द्या. मग ‘एलटीएसपी.कॉन्फ’मध्ये त्या नेटबुकच्या मॅक पत्त्याखाली (लॅन कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाखाली) ‘डिफॉल्ट_इमेज’ म्हणून ते नाव लिहा आणि ‘एलटीएसपी आयपीएक्सई’ पुन्हा चालवा.

एवढे करून १ जीबी रॅमच्या अ‍ॅटमवर आजचा ब्राउझर चालणार नाही. अशा यंत्रांना थिन पद्धतच योग्य.

१३. खरीखुरी थिन पद्धत हवी आहे. नव्या एलटीएसपीत ती कशी करायची?

सर्व्हरवर ‘एक्सआरडीपी’ हा रिमोट डेस्कटॉप, म्हणजे आरडीपी, पुरवणारा प्रोग्राम बसवा, तो ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकते. क्लायंटच्या इमेजमध्ये जड डेस्कटॉप ठेवू नका. त्याला जोडून घेणारा ‘एक्सफ्रीआरडीपी’ पूर्ण पडद्यावर सुरू करणारे साधे सेशन पुरेसे आहे. ‘एलटीएसपी.कॉन्फ’मध्ये ‘ऑटोलॉगिन’ देऊन लॅपटॉप थेट तिथे न्या, म्हणजे वापरणाऱ्याला एकदाच पासवर्ड टाकावा लागेल. त्या ऑटोलॉगिनच्या पासवर्डाबद्दल प्रश्न १९ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एकच वापरकर्ता सर्व्हरसमोर बसूनही लॉगिन आणि आरडीपीनेही लॉगिन असेल तर आरडीपीत काळा पडदा येतो. सर्व्हरवरून बाहेर पडा किंवा सर्व्हरसाठी वेगळे खाते ठेवा. आवाजासाठी पल्सऑडिओचे एक्सआरडीपी मोड्यूल वेगळे लागते. व्हिडिओची अपेक्षा ठेवू नका.

विंडोज सर्व्हरला जोडत असाल तर प्रत्येक वापरणाऱ्यामागे किंवा यंत्रामागे रिमोट डेस्कटॉपचा परवाना विकत घ्यावा लागतो. साध्या विंडोज १० किंवा ११ प्रोमध्ये एका वेळी एकच जण बसू शकतो. ‘जुगाड’ पॅच लावून ही मर्यादा ओलांडणे परवान्याच्या अटींत बसत नाही आणि पुढच्या अपडेटला ते मोडतेही.

१४. सर्व्हरवर नवे खाते केले, नवा प्रोग्राम बसवला, पण लॅपटॉपवर काहीच दिसत नाही.

खाते नवे केले किंवा ‘एलटीएसपी.कॉन्फ’ बदलली, तर ‘एलटीएसपी इनिटआरडी’. प्रोग्राम बसवला किंवा कर्नल अपडेट झाला, तर ‘एलटीएसपी इमेज /’. मेनू, इमेजचे नाव किंवा कर्नलचे पॅरामीटर बदलले, तर ‘एलटीएसपी आयपीएक्सई’. त्यानंतर लॅपटॉप रीस्टार्ट.

नवी इमेज बनवताना जुनी ‘ओल्ड’ नावाने बाजूला ठेवली जाते, म्हणून चालू असलेले लॅपटॉप लगेच पडत नाहीत. पण त्याच दिवशी दुसऱ्यांदा इमेज बनवली तर ती जुनी पुसली जाते आणि सकाळपासून चालू असलेले लॅपटॉप ‘स्टेल फाइल हँडल’ म्हणत कोलमडतात. इमेज संध्याकाळी, सगळे बंद झाल्यावर बनवा.

१५. बॅटरी काढून ठेवू का? लाइट गेली तर? झाकण लावल्यावर लॅपटॉप मरतो, ते का?

फुगलेली बॅटरी लगेच काढा, तिला दाबू नका, टोचू नका, आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्या. बाकी बहुतेक लॅपटॉप बॅटरीविना अ‍ॅडॉप्टरवर चालतात. डेलला अ‍ॅडॉप्टर ओळखता आला नाही तर तो प्रोसेसरचा वेग खाली आणतो. स्वस्त नकली अ‍ॅडॉप्टर लावल्यावर ‘लॅपटॉप अचानक मंद झाला’ या तक्रारीचे हे नेहमीचे कारण. जुन्या मॅकबुकमध्ये बॅटरी काढली तरी हेच होते.

लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर तग धरतात, पण सर्व्हर किंवा स्विच बंद पडला की सगळे पडदे गोठतात. यूपीएस सर्व्हरला लावतात आणि स्विचला विसरतात. दोन्ही एकाच यूपीएसवर घ्या. स्विच काही सेकंद गेला तर एनएफएस वाट पाहून पुढे चालू होते. सर्व्हरच रीस्टार्ट झाला तर होम फोल्डर जोडणारे एसएसएचचे (सुरक्षित जोडणीचे) कनेक्शन तुटलेले असते, तेव्हा लॅपटॉपही रीस्टार्ट करा.

झाकण लावले की लॅपटॉप झोपतो, नेटवर्क सुटते आणि उठल्यावर स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिमच सापडत नाही. इमेजमध्ये ‘लॉगिनडी.कॉन्फ’ या फाइलीत ‘हँडललिडस्विच’ला (या नावात मात्र प्रत्येक शब्दाचे फक्त पहिले अक्षर मोठे) ‘इग्नोर’ लिहा आणि डेस्कटॉपच्या पॉवर सेटिंगमध्ये आपोआप झोपणे बंद करा.

१६. मराठी टायपिंग आणि श्री-लिपी, आयएसएम चालेल का?

युनिकोड मराठी उत्तम चालते. ‘फॉन्ट्स-डेवा’ हे पॅकेज बसवा आणि कीबोर्डच्या यादीतून मराठी इन्स्क्रिप्ट घ्या. उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांना ‘आयबस-एम१७एन’. सर्व्हरवर बसवून इमेज नव्याने केली की सगळीकडे मिळते.

श्री-लिपी आणि आयएसएम विंडोजचे प्रोग्राम आहेत. ज्या कार्यालयाचे जुने कागद त्या फॉन्टमध्ये आहेत, त्यांनी एक विंडोज यंत्र तसेच ठेवावे, किंवा विंडोज सर्व्हरला थिन पद्धतीने जोडावे.

१७. फायरफॉक्स उघडतच नाही किंवा फार वेळ लावतो. बाकी सगळे नीट आहे.

उबुंटू असेल तर कारण बहुधा स्नॅप, म्हणजे उबुंटूची वेगळी पॅकेज पद्धत. उबुंटू २२.०४पासून फायरफॉक्स स्नॅप म्हणून येतो आणि नेटवर्कवरच्या होम फोल्डरशी त्याचे जमत नाही. स्नॅप काढून मोझिलाच्या भांडारातला डेब फायरफॉक्स बसवा. मिंट आणि डेबियनमध्ये हा प्रश्न मुळातच येत नाही.

ब्राउझर तासाभराने गोठत असेल तर रॅम संपते आहे. लिहिलेले सगळे रॅममध्ये जाते हे प्रश्न १मध्ये आलेच आहे, त्यामुळे होम फोल्डरबाहेर, म्हणजे टेम्पमध्ये, टाकलेली मोठी फाइलही रॅम खाते. इमेजमध्ये ‘झेडरॅम’ (रॅममधले दाबून ठेवणारी सोय) चालू करा. लॅपटॉपची हार्ड डिस्क शाबूत असेल तर तिचा एक भाग स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा) म्हणून ‘एलटीएसपी.कॉन्फ’मध्ये ‘एफएसटॅब’च्या ओळीने जोडता येतो.

१८. लॉगिनच्या आधीच पडदा काळा होतो किंवा पेन ड्राइव्ह दिसत नाही, तर?

काळा पडदा एखाद्याच मॉडेलवर येत असेल तर ग्राफिक्सचा घोळ आहे. त्या लॅपटॉपच्या मॅक पत्त्याखाली ‘कर्नल_पॅरामीटर्स’मध्ये ‘नोमोडसेट’ लिहून ‘एलटीएसपी आयपीएक्सई’ चालवा. चित्र येईल, वेग थोडा कमी असेल.

पेन ड्राइव्ह फॅट पद्धतीत नेहमीसारखाच दिसतो. आरडीपीत मात्र एक्सफ्रीआरडीपीला ड्राइव्हचा पर्याय द्यावा लागतो, मग तो होममधल्या ‘थिनक्लायंट_ड्राइव्ह्ज’ फोल्डरमध्ये सापडतो.

१९. हे सुरक्षित आहे का? विद्यार्थी एकमेकांच्या फाइली पाहू शकतील का?

पासवर्डची तपासणी आणि होम फोल्डर दोन्ही एसएसएचमधून जातात, त्यामुळे साधे लॉगिन सुरक्षित आहे. पण इमेज आणि इनिटआरडी नेटवर्कवरच्या कोणालाही उतरवून घेता येते. म्हणून इमेज बनवण्याआधी सर्व्हरवर कुठे बँकेचा पासवर्ड, वायफायची चावी किंवा खासगी कागद पडलेले नाहीत ना, ते बघा.

ऑटोलॉगिनचा पासवर्ड ‘पासवर्ड्स’च्या ओळीत बेस६४मध्ये लिहिलेला असतो. ते कूटलेखन नाही, कोणीही एका आज्ञेत तो उलगडतो. ते खाते सुडोविना ठेवा आणि त्यात काहीही साठवू नका. वेग वाढवायला होम फोल्डर एसएसएचऐवजी एनएफएसने द्यायचा सल्ला कुठे वाचलात तर लक्षात ठेवा: स्वतःचा लॅपटॉप त्याच स्विचला लावून कोणीही दुसऱ्याच्या नावाने त्या फाइली उघडू शकतो.

जुन्या मालकाच्या हार्ड डिस्क लॅपटॉपमध्येच राहिल्या असतील तर त्या ‘एनवाइप’ने पुसा किंवा काढून टाका. काढल्याने लॅपटॉप थंड आणि शांतही चालतो.